चर्चासत्रात चर्चेला वेळ ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर ते मार्च हा महाविद्यालयांतल्या चर्चासत्रांचा हंगाम. निमंत्रणपत्रिका छापायला देण्यापूर्वी संयोजकांनी एक करावे: उपस्थितांच्या बोलण्यासाठी किती मिनिटे ठेवली आहेत, ती मोजावीत.

बहुतेक ठिकाणी दहाचे उद्घाटन साडेदहाला सुरू होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग मंचावरच्या मान्यवरांचा परिचय आणि सत्कार. आठ जण असले आणि माणशी चार मिनिटे धरली, तरी अर्धा तास तिथेच जातो. हा उशीर भरून काढताना कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना, कारण त्या दहा मिनिटांवर कोणाचेच नाव छापलेले नसते. शोधनिबंधांचे पुस्तक तर आयएसबीएन या पुस्तक-ओळखक्रमांकासह उद्घाटनातच प्रकाशित होते. दिवसभरात कोणी चूक दाखवली, नवी माहिती दिली, तरी त्या पुस्तकात तिला जागा नाही. पुस्तक महिनाभराने काढावे आणि प्रत्येक निबंधाखाली त्यावरची चर्चा छापावी.

९० मिनिटांच्या सत्रात चारऐवजी दोनच वक्ते असावेत, प्रत्येकी १२ मिनिटे. बाकीचे निबंध आधी वाचायला पाठवावेत. वक्त्यांनंतर सभागृहापुढे एकच प्रश्न ठेवावा. 'तुम्हाला काय वाटते?' असा मोघम नको. 'हे आपल्या गावात करताना पहिली अडचण कुठे आली?' असा, अनुभवावरून उत्तर देता येईल असा हवा. मग २ मिनिटे प्रत्येकाने एकट्याने कागदावर लिहावे. ही पायरी कधीही गाळू नये. ती गाळली की ज्येष्ठ आधी बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. त्यानंतर ५ मिनिटे शेजाऱ्याशी, २५ मिनिटे सहा जणांच्या गटात आणि उरलेला अर्धा तास सर्वांसमोर.

घोळ होतो तो या शेवटच्या अर्ध्या तासात. १२० जण असतील तर गट होतात २०, आणि प्रत्येक गटाला अहवालासाठी पाच-पाच मिनिटे दिली तर १०० मिनिटे लागतात. म्हणून प्रत्येक गटाने एकाच कार्डावर, जाड मार्करने, एकच मुद्दा लिहून भिंतीवर लावावा. सत्रसंचालकाने सारखी कार्डे एकत्र करावीत आणि ज्या दोन-तीन मुद्द्यांवर मतभेद दिसतो तेवढ्यांवरच चर्चा घ्यावी. माइक स्वयंसेवकाच्या हातात राहावा, प्रश्नकर्त्याच्या हाती देऊ नये. मग प्रश्नाचे भाषण होत नाही.

खुर्च्या पक्क्या बसवलेल्या आहेत, गट कसे करणार, अशी सबब ऐकू येते. एकाआड एक रांगेने उभे राहून मागे वळावे, पुढचे तीन आणि मागचे तीन मिळून गट होतो. अशा वेळी गटातले बोलणे मात्र १५ मिनिटांत आटोपावे, उभ्या माणसांचे पाय दुखतात.

अमेरिकेतले संघटन-सल्लागार हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये 'ओपन स्पेस' पद्धत सुरू केली, तीही याच अनुभवातून: परिषदेत लोकांना सर्वांत उपयोगी वाटला तो कॉफीच्या सुट्टीतला वेळ. त्यात विषय उपस्थितच सुचवतात, भिंतीवर वेळ आणि जागा यांचा तक्ता असतो, आणि जिथे आपण शिकत नाही वा देत नाही तिथून उठून दुसऱ्या गटात जायची मोकळीक असते. प्रमुख पाहुण्यांसाठी मध्येच भाषण घुसवले की ही पद्धत मोडते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाकडे पाहावे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, शंका काढायच्या, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. शिकणे आणि ठरवणे एकाच बैठकीत कोंबले की माणसे बाजू घेऊन बसतात आणि कबूल करायच्या शंका मनातच ठेवतात. गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांतही हेच होते. पुनर्विकासाचा ठराव मांडण्याच्या आठवडाभर आधी नुसती माहितीची बैठक घेतली, तर सभेतली निम्मी वादावादी टळेल.

प्रत्येक गटात एक नोंदकर्ता आधीच ठरवावा आणि त्याला तीन रकान्यांचा कागद द्यावा: मुद्दा, कोणाच्या अनुभवावरून, पुढे कोण काय करणार. या कागदांचे फोटो त्याच संध्याकाळी सहभागींना पाठवावेत. तिसरा रकाना कोरा असलेले कागदही तसेच पाठवावेत.

– एक वाचक, सातारा