लपवलेला फोल्डर म्हणजे कुलूपबंद फोल्डर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेन ड्राइव्हवरच्या फायलींना पासवर्ड घालण्याबद्दलची कालच्या अंकातली माहिती दोनदा वाचली. विषय घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण 'फोल्डर हिडन करा' हा पहिलाच उपाय वाचून संताप आला. तोच उपाय करून मी निर्धास्त बसले होते.

गेल्या महिन्यात यांच्या पेन्शनचा एक अर्ज छापायला राजवाड्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्याच पेन ड्राइव्हमध्ये घरातल्या चौघांची आधार आणि पॅन कार्डं, बँकेची पासबुकं आणि यांच्या बायपासचे सगळे रिपोर्ट असा एक फोल्डर होता. भाच्याने तो हिडन करून दिला होता. दुकानातल्या मुलाने पेन ड्राइव्ह लावला आणि मागे पाच-सहा माणसं उभी असताना मोठ्याने विचारलं, "आंटी, ये आधार-पैन वाला भी निकालना है क्या?" त्याच्या संगणकावर लपवलेल्या फायली दिसण्याची सोय चालूच होती. ती कुठेही दोन क्लिकमध्ये चालू होते. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. पण घरी येईपर्यंत माझे हातपाय कापत होते.

दुसरा उपाय दिलात बिटलॉकरचा, म्हणजे पेन ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्याच सोयीचा. तो चांगलाच आहे. पण घरोघरच्या लॅपटॉपवर बहुधा विंडोजची होम आवृत्ती असते. तिच्यावर दुसरीकडे कुलूप लावलेला पेन ड्राइव्ह उघडता येतो, स्वतः कुलूप लावता येत नाही. त्याला प्रो आवृत्ती लागते. एवढी एक ओळ छापायची राहिली आणि मी काल अख्खी संध्याकाळ राइट क्लिक करून नसलेला पर्याय शोधत बसले!

शेवटी भाच्याने सेव्हन-झिप घालून दिलं, म्हणजे फायलींची एकत्र बांधलेली, पासवर्ड लावलेली प्रत करणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि एईएस-२५६ या सांकेतिक लिपीच्या भक्कम पद्धतीने फायली बंद करतं. मात्र फायलींची नावं झाकण्याच्या चौकटीत वेगळी खूण करावी लागते, नाहीतर आत काय आहे ते नावांवरूनच कळतं. मूळ फायलीही तिथेच उघड्या राहतात. त्या नुसत्या डिलीट केल्या तरी पुष्कळदा परत काढता येतात, म्हणून मी नवा कोरा पेन ड्राइव्ह घेतला. पासवर्ड विसरला तर फायली गेल्याच. तो घरच्या वहीत लिहून ठेवला आहे.

आणि दुकानात पासवर्ड टाकून उघडलेली फाइल त्या संगणकाला उघडीच असते, हे तर तुमच्या माहितीत कुठेच नव्हतं. छापायच्या कागदापुरता वेगळा पेन ड्राइव्ह न्यावा, हे आधी सांगायला हवं होतं.

शिवाय ही सगळी माहिती फिकट चौकटीत, इतक्या बारीक टायपात! झेरॉक्सच्या रांगेत पेन्शनचे कागद घेऊन उभे राहणारे आम्ही साठीपुढचे लोक ती भिंग घेऊन वाचतो. दुरुस्ती त्याच जागी छापावी, पण मोठ्या अक्षरांत, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, रामबाग, इंदूर