लक्ष मोडणारं ‘एक मिनिट’

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कार्यालयात मन लावून काम कसं करावं याचे सल्ले हल्ली उदंड झाले आहेत. लवकर उठा, ध्यान करा, मोबाइल खणात ठेवा. सगळे सल्ले कर्मचाऱ्यालाच. मी बरीच वर्षं लेखा विभागात काम करते, आणि मला ठामपणे वाटतं की लक्ष मोडण्याला कर्मचाऱ्याच्या स्वभावापेक्षा कार्यालयाची रीत जास्त जबाबदार असते.

बँक ताळमेळ पत्रकाचंच, म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदी जुळवून पाहण्याच्या कामाचंच घ्या. एका हाताला बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्या हाताला कॅशबुक, आणि एकेक नोंदीवर टिक करत खाली यायचं. शेवटी येणाऱ्या फरकाला नऊने भाग गेला, की कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, ५४ चे ४५ लिहिले गेले असावेत, असा संशय घ्यायचा आणि माग काढायचा. चार-पाच रकमा एकाच वेळी डोक्यात धरलेल्या असतात. तेवढ्यात कुणीतरी टेबलाशी येऊन म्हणतं, “एक मिनिट जरा.” बोलणं खरंच मिनिटभराचं असतं. पण त्या रकमा तोवर मनातून निसटलेल्या असतात, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.

कामातल्या व्यत्ययांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ चा एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं. पण ताण, वैताग आणि घाई मात्र वाढली. साहेबांना काम वेळेत झालेलं दिसतं, ते करणाऱ्याची दमछाक दिसत नाही. म्हणूनच ही रीत वर्षानुवर्षं चालू राहते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं, की अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि पुढच्या कामावर पूर्ण लक्ष बसू देत नाही.

त्यावर एक साधा उपाय आहे, आणि लेरॉय यांच्याच नंतरच्या संशोधनाने त्याला दुजोरा दिला आहे. उठण्याआधी चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या: कुठे थांबले आणि परत आल्यावर आधी काय करायचं. “पान चारपर्यंत जुळलं, आता न वटलेले चेक बघणे.” समोरच्याला “थांबा, एवढं लिहिते” म्हणायला संकोच वाटतो, पण तो सोडावा. परत आल्यावर धागा लगेच सापडतो.

बाकीचं मात्र वरिष्ठांच्या हातात आहे. मेलला लगेच उत्तर देणारा तत्पर आणि तासाभराने देणारा आळशी, हा हिशेब आधी बंद व्हायला हवा. विभागप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे, की सकाळचे दोन तास मीटिंग नको, ग्रुपवर विचारणा नको. खरंच तातडीचं असेल तर फोन करावा. कुणालाही फोन करण्याआधी माणूस जरा विचार करतो, त्यामुळे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

चौकशी खिडकीवर किंवा तक्रार विभागात बसणाऱ्यांना हे कसं जमणार, असं कुणी विचारेल. लोकांना उत्तरं देणं हेच त्यांचं काम, त्यामुळे दोन तास खिडकी बंद ठेवता येणार नाही. पण अहवाल आणि नोंदी त्यांनाही असतातच. त्यांनी पाळी लावावी: एकाने प्रश्न घ्यायचे, दुसऱ्याने आत बसून लिखाण उरकायचं, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल करायची.

आपली,
लेखा विभागातील एक वाचक