फसव्या खिंडीवरून पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. तुमच्या बंधाऱ्याच्या, लोकांना रोजगार मिळावा म्हणून काढलेल्या कामावरून ‘मदतकामाला दर्जा विचारू नये, हजेरीपट भरला की काम झाले’ हे जे तू वैतागून लिहिलेस, ते वाचल्यापासून मनात घोळत होते. नेमके गेल्या शनिवारी आम्ही वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर गेलो आणि तुझ्याशी भांडायला मला चांगला दगडी पुरावाच मिळाला.

बेट शेतीवाडीचे आहे. उत्तर टोकाला, शेजारच्या फिडाल्गो बेटाच्या आणि त्याच्या मध्ये एक अरुंद खाडी आहे. भरती-ओहोटीला तिच्यातून पाणी पूर आलेल्या नदीसारखे धावते. 1792 मध्ये कप्तान व्हँकुव्हरने व्हिडबीला आधी द्वीपकल्प समजले आणि चूक उमगल्यावर या वाटेला ‘डिसेप्शन पास’, म्हणजे फसवी खिंड, असे नाव देऊन टाकले. पूल होण्यापूर्वी येथे फेरीबोट चालत असे. तिला बोलवायचे तर जुन्या करवतीवर लाकडी हातोडा हाणायचा आणि ओंडक्यावर बसून वाट पाहायची, असे सांगतात. ती फेरीबोट चालवणाऱ्या बर्टी ओल्सन या बाईंचा पुलाला कडाडून विरोध होता. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही केला असता!

गंमत अशी की, सुबत्तेच्या वर्षांत रखडलेला हा पूल महामंदीत उभा राहिला. रूझवेल्ट सरकारच्या सार्वजनिक बांधकाम निधीतून पैसा आला, 1934 च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले आणि 31 जुलै 1935 रोजी पूल खुलाही झाला. मध्ये छोटे पास बेट, त्याच्या दोन्ही अंगांना पोलादी पूल, मिळून लांबी 1,487 फूट, पाण्यापासून उंची सुमारे 180 फूट आणि खर्च 4,82,000 डॉलर. वर अरुंद पाऊलवाट आहे. शेजारून मालमोटार गेली की पायाखालची फरशी थरथरते आणि आपला हात आपोआप कठड्याकडे जातो.

पण मी तुला सांगतो आहे ते पुलाविषयी नव्हे. पोलादी पूल ठेकेदाराने बांधला. त्याकडे येणारे रस्ते, भोवतालच्या उद्यानातल्या वाटा, कठडे आणि निवारे बांधले ते ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ या सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी. 1933 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुख्यतः सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतले, 18 ते 25 वयाचे अविवाहित तरुण घेत. महिना 30 डॉलर मिळत, त्यांतले 25 परस्पर घरी जात. या उद्यानात त्यांच्या दोन छावण्या होत्या, एक ‘कॉर्नेट बे’ येथे आणि दुसरी रोझारिओ येथे.

बोमन बेच्या किनाऱ्यावर त्यांनी बांधलेला, चुली असलेला एक निवारा आहे. तेथे मी तासभर बसलो. तळाला थोराड दगड आणि वर जाताना ते लहान होत गेलेले, त्यांवर जाड ओंडक्यांचे खांब. कोपऱ्यातल्या एका दगडावर हात फिरवला तर टाकीचे घाव अजून बोटांना लागतात. आरंभी वेडेवाकडे, पुढे सरळ होत गेलेले. कोणी पोरगा त्या एकाच दगडावर शिकला असावा, असा माझा आपला तर्क.

शिकवायला माणूस होता, हाच तर मुद्दा आहे. त्या छावण्यांमध्ये आसपासचे अनुभवी सुतार, गवंडी आणि लाकूडतोडे खास पगारावर नेमण्याची रीत होती. नवख्या हातांना हत्यार कसे धरायचे ते हे लोक दाखवत. सगळे गोजिरे होते असे मात्र समजू नकोस. मुलींना या योजनेत प्रवेशच नव्हता आणि कृष्णवर्णीय तरुणांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या छावण्यांत ठेवले जाई. तरीही दर्जाच्या बाबतीत तुझे म्हणणे मला पटत नाही. हजेरीपट तेथेही होताच, पण त्या पोरांच्या शेजारी गवंडी उभा होता.

छायाचित्रे सोबत पाठवतो आहे. त्यांतले कोपऱ्याच्या दगडाचे नीट पाहा. आणि उलट टपाली एवढेच कळव की, तुमच्या बंधाऱ्याच्या कामावर पिचिंगचे, म्हणजे उतारावरच्या अस्तराचे, दगड बसवायला शिकवणारा कोणी आहे, की नुसताच मुकादम?

तुझाच,
जुना वर्गमित्र