श्रवणयंत्राची शिट्टी : आईच्या भूलतज्ज्ञांना एक अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

आईला घरी आणून आज अकरा दिवस झाले. रुग्णालयातून निघताना आपल्याला भेटून आभार मानायचे होते, पण आपण त्या वेळी दुसऱ्या रुग्णाच्या उशाशी होता आणि तिथून आपल्याला उठवणे योग्य नव्हते. शल्यचिकित्सकांचे आभार सगळेच मानतात आणि मीही मानले. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नावसुद्धा अनेकांना ठाऊक नसते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपेक्षा मला भुलीची धास्ती अधिक होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली होती. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण त्याच रात्री आई वातात गेल्यासारखी बडबडू लागली, सलाईनची नळी ओढू लागली, आणि मी समोर उभी असताना मला बोलवा म्हणून आक्रोश करू लागली. मी घाबरून विचारले, तर वय झाले की असे होतेच, एवढेच उत्तर मिळाले. ती शांत झोपावी म्हणून गुंगीचे इंजेक्शन दिले गेले आणि तिचे हात पलंगाच्या कठड्याला बांधले. सकाळी ती अधिकच गोंधळलेली होती. तिला मी कोण हे ओळखायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत हा प्रकार काय आहे, हे कोणीही मला बसवून सांगितले नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आईच्या खोलीत आलात, खुर्ची ओढून बसलात आणि ही सगळी हकीकत न तोडता ऐकून घेतलीत. मग सांगितलेत की याला डिलिरियम म्हणतात, हा स्मृतिभ्रंश नव्हे, आणि यात मेंदूची सावधता तात्पुरती विस्कटते. मेंदूतल्या पेशींना गप्प करणारे गाबा नावाचे रसायन शरीर स्वतःच तयार करते. ते पेशीवरच्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे ते ओळखून धरणाऱ्या जागांना, चिकटले की क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी पुढे संदेश पाठवायला सहजी तयार होत नाही. मिडाझोलामसारखी गुंगीची औषधे ही वाट अधिक वेळा उघडायला लावतात, जुनी बार्बिट्युरेट ती अधिक काळ उघडी ठेवतात, आणि प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषधही मुख्यतः याच ग्राहींवर काम करते, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत मांडलेत की आईनेही मान डोलावली. केटामाइनची वाट निराळी. ते पेशींना चेतवणारा निरोप अडवते, हेही आपल्याचकडून कळले.

मग आपण आईच्या वयाकडे वळलात. वय वाढते तसा मेंदू या औषधांना अधिक संवेदनशील होतो, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा कमी लागते, आणि मिडाझोलाम म्हाताऱ्या शरीरात अधिक काळ रेंगाळते. आधीच भरकटलेल्या मेंदूला त्याच जातीचे औषध दिले तर तो शांत होण्याऐवजी कधी अधिकच भरकटतो. म्हणून उद्या ते औषध टाळणार, भूल गरजेपेक्षा खोल जाऊ नये म्हणून कपाळावर पट्ट्या लावून मेंदूच्या विद्युतलहरी पाहत राहणार, आणि ही औषधे श्वासाच्या केंद्रालाही मंद करतात म्हणून शेवटपर्यंत तिच्या उशाशी थांबणार, असे आपण सांगितलेत. आधीच्या डॉक्टरांविषयी आपण एकही वावगा शब्द काढला नाहीत. भूल म्हणजे झोपच ना, असे मी विचारले, तेव्हा आपण नाही म्हणालात: झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवता येते, भुलीत मात्र मेंदूच्या निरनिराळ्या भागांचा आपसातला संवादच तुटलेला असतो. आणि 1846 मध्ये बोस्टनला ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तरी हुंगायला दिली जाणारी औषधे शुद्ध नेमकी कशी हरपवतात याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही, हेही आपण मोकळेपणाने कबूल केलेत. डिलिरियम होणारच नाही अशी हमीही दिली नाहीत. इतक्या जाणत्या माणसाने स्वतःहून आपल्या ज्ञानाची सीमा दाखवावी, त्याने माझा विश्वास दुणावला.

पण खरे सांगायचे तर हे पत्र मी एका लहानशा गोष्टीसाठी लिहीत आहे. आईला श्रवणयंत्राशिवाय जवळजवळ काही ऐकू येत नाही. मागच्या वेळी ते आदल्या रात्रीच काढून एका पिशवीत घातले गेले आणि चार दिवस कोणाला त्याची आठवण झाली नाही. या वेळी आपण ते शुद्ध हरपेपर्यंत तिच्या कानातच राहू दिलेत, मग स्वतःच्या हाताने काढून डबीत घातलेत आणि डबी खिशात ठेवलीत. शस्त्रक्रियेनंतर मला आत बोलावले तेव्हा आई अजून डोळे उघडत नव्हती. आपण यंत्र तळहातावर घेऊन मूठ हलकेच मिटलीत, त्याची बारीक शिट्टी ऐकून ते चालू असल्याची खात्री केलीत, आणि मगच ते तिच्या कानात नीट बसवलेत. नंतर कानाशी वाकून तिला नावाने हाक मारलीत, शस्त्रक्रिया झाली आहे, दुपार आहे, मुलगी शेजारी उभी आहे, असे एकेक सांगत गेलात. चष्मासुद्धा आपणच घातलात. आईने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तू जेवलीस का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आले ते आपण पाहिलेत आणि काही न बोलता बाजूला झालात, तेही माझ्या लक्षात आहे. औषधाची मात्रा कागदावर लिहिली जाते. डबी खिशात ठेवायची असते हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नसणार. शुद्धीवर येणाऱ्या मेंदूला आवाज, चेहरा आणि दिवसाची वेळ पुन्हा जोडायची असते, आणि ते धागे त्याच्या हाती देणारे माणूस तिथे असावे लागते. आपण तिथे होता. अशी सभ्य, कामात चोख माणसे असतात म्हणूनच माझ्यासारखी एखादी मुलगी आपल्या आईला त्या दारापर्यंत सोडून बाहेर बसू शकते.

त्या रात्री आई गोंधळली नाही. थोडी पेंगत राहिली, इतकेच. कपाळावरच्या पट्ट्यांची लालसर खूण दोन दिवसांत गेली. काल मी तिला विचारले की भुलीतून उठतानाचे काही आठवते का. खोली आठवत नाही, आपला चेहराही आठवत नाही, असे ती म्हणाली. "आधी कानात शिट्टी वाजली," ती म्हणाली, "आणि मग कुणीतरी माझं नाव घेतलं."

आपली ऋणी,
एका रुग्णाची मुलगी