एसीची ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की एसीच्या सर्व्हिसिंगसाठी कारागिरांना घरोघरी बोलावणी जातात. पुष्कळदा काम होते ते एवढेच, की पुढची जाळी नळाखाली धुतली जाते, बाहेरच्या युनिटवर पाण्याचा फवारा मारला जातो आणि ‘गॅस कमी झालाय’ असे सांगून वरचे पैसे घेतले जातात. (गॅस बंदिस्त नळ्यांतून फिरतो, वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असते आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.) ज्या भागावरून फिरलेली हवा आपण रात्रभर श्वासात घेतो, तो मात्र उघडलाही जात नाही.

घरगुती स्प्लिट एसी सहसा बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा ओढून ती थंड कॉइलवरून (गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यावरून) फिरवतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. जाळीत केस, तंतू आणि जाड धूळ अडकते, बारीक धूळ पुढे जाते. कॉइलवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते व ते खालच्या ट्रेमधून नळीवाटे बाहेर पडते. नळी तुंबली की ते ट्रेमध्येच साचते. धूळ आणि ओल अशी एकत्र आल्यावर, त्यातही मुंबई-कोकणच्या दमट हवेत, बुरशीला आणखी काय हवे? खात्री करायची असेल तर एसीचा स्विच बंद करून हवा येते तिथली झडप हलकेच उघडावी आणि मोबाइलचा टॉर्च आत मारावा. ब्लोअरच्या, म्हणजे हवा खोलीत ढकलणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर काळपट, चिकट थर दिसला, तर एसी सुरू करताच येणारा कुबट वास कशाचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

एसीमुळे होणारी प्रत्येक सर्दी बुरशीची नसते, थंड व कोरड्या हवेनेही घसा धरतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरातील ओल व बुरशीचा संबंध श्वसनाच्या तक्रारी आणि दम्याशी असल्याचे स्पष्ट नमूद आहे, त्यामुळे लहान मुले, वृद्ध व दमेकरी असलेल्या घरांत तरी हयगय नको. उलट, १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात लिजिओनेला या जिवाणूमुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाचा दाखला देऊन घरच्या एसीची भीती घालणे अनाठायी आहे. तो धोका प्रामुख्याने मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरच्या (वातानुकूलन यंत्रणेचे पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांच्या) व पाणीव्यवस्थेच्या निगेशी निगडित आहे.

कॉइल, ब्लोअर, ट्रे आणि नळी यांपैकी काय काय साफ केले, हे कारागिराकडून बिलावर लिहून घेण्याची सवय ग्राहकांनी लावून घ्यावी. वार्षिक देखभाल करारातही हे चारही भाग नावानिशी असावेत. एसी कितीही स्वच्छ असला, तरी बंद खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड तो बाहेर टाकत नाही, म्हणून दिवसातून काही वेळ खिडक्या उघडाव्यातच.

शासनाने १ जानेवारी २०२० पासून नव्या स्टार-मानांकित घरगुती एसींना २४ अंश हे मूळ (सुरू करताच आपोआप लागणारे, नंतर बदलता येणारे) तापमान बंधनकारक केले. विजेच्या बचतीसाठी दाखवलेली ही तत्परता हवेच्या स्वच्छतेसाठीही दाखवावी आणि खासगी शिकवण्या, पाळणाघरे व दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत एसीच्या शेवटच्या अंतर्गत सफाईची तारीख दर्शनी भागी लावणे सक्तीचे करावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे