बाबांच्या दोन टीबींचा हिशोब लावून देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पांढरकवड्याकडचा तो पोरगा म्हटलं की तुम्हाला कळेलच. त्या दिवशी थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, तोंडातून शब्दच निघाला नाही, म्हणून इथं लिहितोय.

बाबांना दुसऱ्यांदा टीबी झाला तेव्हा घरात काय चाललं होतं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. पहिल्या वेळचा सहा महिन्यांचा कोर्स बाबांनी पुरा केला होता, रिकाम्या स्ट्रिपासुद्धा खताच्या थैलीत जपून ठेवल्या होत्या, बुढ्याची सवयच तशी. ती थैली घेऊन दवाखान्यात गेलो तर तिथल्या साहेबांनी उघडून पण पाहिली नाही, वरून सगळ्या लाईनीसमोर म्हणाले, गोळ्या फेकल्या असतील, तुमच्यासारख्यांमुळेच हा रोग जात नाही. झालं, ते गावात पोचलं, सोयऱ्यांत गेलं, एकदा तर आई पण बोलून गेली. बाबा एवढंच म्हणत, "मी एकबी गोई सोडली नाई बाप्पा." ऐकतं कोण!

टीबीच्या जंतूंवरच्या तुमच्या अभ्यासात बाबांच्या दोन्ही वेळच्या नमुन्यांतले जंतू वाढवून ठेवलेले होते हे आमचं नशीब. टीबीच्या जंतूचा जिनोम, म्हणजे त्याची सगळी डीएनए अक्षरं मिळून, 44 लाख अक्षरांचा, 1998 साली पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला, एवढं मला बीएस्सीमुळे माहीत होतं, पण त्याचा आमच्या बुढ्याशी काय संबंध ते तुम्ही सांगितलं तेव्हा कळलं. एका वहीवरून दुसरी वही उतरवताना एखादं अक्षर चुकावं तसा हा जंतू वाढताना चुकतो, पण लय हळू, दोन-तीन वर्षांत एखादं अक्षर, आणि बाकीच्या जंतूंसारखे शेजाऱ्याकडून जीन पण उसने घेत नाही, त्यामुळे चुका जुळवल्या की कोण कोणाचा ते समजतं. जुनाच रोग उलटला असता तर दोन नमुन्यांत चार-दोन अक्षरांचा फरक असता. बाबांच्यात हजाराच्या वर निघाला. एक जंतू दक्षिणेकडे जास्त सापडणाऱ्या लिनियेज एकचा, म्हणजे टीबीच्या जंतूंच्या एका वंशशाखेचा, दुसरा उत्तरेकडच्या लिनियेज तीनचा. म्हणजे पहिला गेलाच होता, दुसरा नवाच कोणाकडून तरी आला, बहुतेक कापसाच्या जिनिंगमधून, सीझनला तिथं काय गर्दी असते ते पाहिलंय मी. कधीकधी दोन जाती सुरुवातीपासून सोबत असतात म्हणून तुम्ही पहिल्या नमुन्यात दुसऱ्याची खूण शोधून पाहिली, ती दिसली नाही, हे पण न विचारता सांगितलं.

पण मला धरून बसलंय ते हे नाही. रिपोर्ट इंग्रजीत होता, तो माझ्या हातात देऊन मोकळं होता आलं असतं. तुम्ही खुर्ची बाबांकडे वळवली, कोऱ्या कागदावर जंतूंच्या वंशाचं झाड काढलं, दोन लांबच्या फांद्यांवर बाबांचे दोन जंतू दाखवले आणि खाली मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं: "पहिला टीबी बरा झाला होता. हा दुसरा जंतू आहे. गोळ्या चुकल्यामुळे झालेला नाही." खाली सही, तारीख. कोणी मागितलं नव्हतं हो! बाबा चौथी शिकलेले, बोट ठेवून ठेवून वाचलं आणि म्हणाले, "बराबर हाय." जसं काही तेच तुमचा पेपर तपासत होते.

त्या कागदाला त्यांनी लॅमिनेशन मारून आणलं. सलूनमध्ये दाखवला, जिनिंगवर दाखवला, बँकेत केवायसीसाठी बोलावलं तर तिथं पण दाखवला, तो मॅनेजर बिचारा गोंधळला. आईने वाचला आणि दोन दिवस गुपचूप होती.

शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात ताई. समोरच्याला खोटारडा न धरता आधी तपासून पाहणारी, आणि मग ते त्याला वाचता येईल असं लिहून देणारी कुठं भेटतात? त्या साहेबांकडे पण शिक्षण होतंच की.

औषध लागू पडलं, बाबा आता बरे आहेत, वजन वाढलंय. त्यांनी खास एक विचारायला लावलंय, उत्तर नक्की द्या, रोज माझ्या मागे लागतात: "त्या बाईले इचार, माह्या जंतूले झाडावर कोनी सोयरा सापडला का?"