फेब्रुवारीत आमची गावे रिकामी असतात

प्रति,
माननीय केंद्रीय गृह व सहकार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : २०२७ च्या जनगणनेत ऊसतोड मजुरांची नोंद कोठे व कशी व्हावी, याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात एकतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो आणि आता निवृत्त आहे. मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही, मतदान मात्र एकदाही चुकवलेले नाही. २००१ आणि २०११ अशा दोन जनगणनांत मी प्रगणक म्हणून काम केले आणि त्या कामात जे डोळ्यांनी पाहिले, त्यातल्या एकाच गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे. जनगणना आयुक्तांचे कार्यालय आपल्या गृह खात्याच्या अखत्यारीत येते आणि जुलै २०२१ मध्ये निर्माण झालेले सहकार खातेही आपल्याकडेच आहे. ज्यांच्याबद्दल मी लिहीत आहे ती माणसे मोजायची आहेत आपल्या पहिल्या खात्याने, आणि मोजणीच्या दिवशी ती सापडतील साखर कारखान्यांच्या शिवारात. त्यामुळे हा विषय निदान दोन मंत्रालयांमधल्या टपालात तरी अडकू नये, एवढी आशा मला वाटते.

फेब्रुवारी २०११ मधली गोष्ट आहे. माझ्या गटात बंजारा समाजाची एक वस्ती, म्हणजे तांडा होता. सकाळी प्रगणकाची पिशवी घेऊन मी तिथे पोहोचलो, तेव्हा एकतीस घरांपैकी एकोणीस घरांना कुलूप होते. उरलेल्या घरांत म्हातारी माणसे, शाळेत जाणारी चार-दोन नातवंडे आणि एक बाळंतीण, एवढाच काय तो राबता. एका ओट्यावर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या आणि त्यांच्या पदराला पाच घरांच्या किल्ल्या बांधलेल्या होत्या. मी अनुसूची, म्हणजे नावे लिहायचा जनगणनेचा तक्ता, उघडली, तशा त्या भराभर नावे सांगू लागल्या : थोरला मुलगा, त्याची बायको, धाकटा, त्याची बायको, तीन लेकरे. सगळी कोल्हापूरकडे कारखान्यावर. मला नियम ठाऊक होता. ९ ते २८ फेब्रुवारी या मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसेल, त्याचे नाव घरी लिहायचे नाही, तो जिथे असेल तिथे त्याची नोंद होईल. मी आजींचे आणि त्यांच्याजवळ राहिलेल्या एका नातवाचे, अशी दोनच नावे लिहिली. आजींना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मी किती ओळी भरल्या हे त्यांनी बरोबर पाहिले आणि म्हणाल्या, "आमची माणसं मेली का काय गुर्जी, नावं लिव्हायची न्हाईत म्हणायला?"

मी त्यांना नियम समजावून सांगितला. तो मला स्वतःला तेव्हा पटला होता, कारण कागदावर त्यात काहीच चूक नाही. माणूस घरी नसला तर तो दुसरीकडे असणार, आणि दुसरीकडेही माझ्यासारखाच एक प्रगणक असणार. १ ते ५ मार्चच्या फेरतपासणीत मी पुन्हा त्या तांड्यावर गेलो, कुलपे तशीच होती. पुढे पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, टोळ्या परत आल्या, तेव्हा त्याच तांड्यावरच्या एका मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याला, मी विचारले की तुमच्या कोप्यांवर, फडाकडेच्या झोपड्यांवर, मोजायला कोणी आले होते का. तो हसला. पहाटे चारला कोयता घेऊन फडात गेलेली माणसे अंधार पडल्यावर कोपीवर येतात, दिवसा तिथे लहान लेकरे आणि राखणीची कुत्री, मग आलेल्या माणसाला सांगणार कोण, असे त्याचे म्हणणे होते. तिथल्या प्रगणकाला मी दोष देत नाही. त्याचा गट गावठाणाचा. उसाच्या फडाकडेला पाचटाची शंभर खोपटी चार महिन्यांपुरती उभी राहतात, ती त्याच्या नकाशात कशी यावीत? त्या कोपीला घर म्हणायचे की त्या माणसांना २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांमध्ये मोजायचे, हेही त्याला कोणी नीट सांगितले असेल असे वाटत नाही.

कोणी म्हणेल, माणूस इथे मोजला काय आणि तिथे मोजला काय, देशाची बेरीज तर तीच. दोन्हीकडून सुटला नाही तर बेरीज तीच हे खरे, पण गावाची बेरीज तीच राहत नाही, आणि सरकारचा पैसा गावाच्या बेरजेवर येतो. डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तीन हजारांमागे एक उपकेंद्र, ग्रामपंचायतीचे सदस्य सात असावेत की नऊ, वित्त आयोगाच्या निधीत गावाचा वाटा किती, हे सगळे जनगणनेच्या आकड्यावर ठरते. तो आकडा ज्या महिन्यात घेतला जातो त्या महिन्यात आमची गावे वर्षातली सगळ्यात रिकामी असतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात दिवाळीनंतर फिरून पाहिल्यास अतिशयोक्ती नाही हे कळेल.

शिधापत्रिकेचेच घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येला धान्याचा हक्क दिला आणि त्याचे गणित २०११ च्या जनगणनेवर बसवले. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांची ठरलेली कमाल संख्या, सुमारे सात कोटींवर थांबला तो तेव्हापासून. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे मधल्या काळात जन्मलेली मुले आणि घरात आलेल्या सुना या इष्टांकाच्या दाराशी उभ्या आहेत. नाव चढवायला गेलेल्या माणसाला "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर मी स्वतः त्याच्या शेजारी उभा राहून ऐकलेले आहे. एक चुकलेली मोजणी पंधरा वर्षे पोटाला चिमटा काढते, असा आमचा अनुभव आहे.

मोजणीने काय साधते, हेही आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली निघाल्या, तेव्हा कुठे गर्भलिंगनिदानाच्या धंद्यावर कारवाईचा जोर वाढला. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आमच्या घराशेजारच्या बायकांची ही व्यथा आम्हाला ऐकून माहीत होती, पण आकडा येईपर्यंत तिला कोणी विचारले नाही. मात्र राज्यात ऊसतोड मजूर नक्की किती, हे अजूनही धड कोणी सांगू शकत नाही. कोणी आठ लाख म्हणतो, कोणी बारा लाख. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आहे, आणि ज्यांच्यासाठी हे आहे त्यांची संख्या अंदाजाने सांगितली जाते.

या वेळी प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय घेतला आहे. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे, जरी तो घेण्यामागे सर्वच पक्षांचे हिशेब असावेत असा माझा समज आहे. सर्व जातींची शेवटची प्रसिद्ध मोजणी १९३१ ची. त्या वर्षी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे स्वतंत्र भारतात आमच्या भागाची अशी मोजणी एकदाही प्रसिद्ध झालेली नाही. त्यामुळे आमची आजची भांडणेसुद्धा निजामी कागदांवर चालतात. मराठा आरक्षणासाठी मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शोधून जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी काढल्या गेल्या, २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला, लगेच ओबीसी समाज रस्त्यावर आला आणि त्याच गॅझेटकडे बोट दाखवून बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशासाठी मोर्चे काढले. कोणाची मागणी रास्त हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण गेल्या तीन वर्षांत आमच्या जिल्ह्यात माणसे किराणा कोणाच्या दुकानातून घ्यायचा हेसुद्धा जात पाहून ठरवू लागली आहेत, आणि माझ्या हाताखाली एका बाकावर बसून शिकलेले दोघे जण आता एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत. ज्या आकड्यासाठी हे सगळे थांबले आहे, तो आकडा तरी अर्धवट येऊ नये.

आता त्या तांड्यावरच्या माणसाचे काय होईल ते पाहा. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो, तेलंगणात तो अनुसूचित जमातीत आहे आणि कर्नाटकात लंबाणी या नावाने अनुसूचित जातींच्या यादीत आहे. आमच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीला जातात तशा बेळगावकडेही जातात. फेब्रुवारी २०२७ मध्ये बेळगावच्या फडात मोजला गेलेला माझ्या तालुक्यातला बंजारा मजूर कर्नाटकाच्या अनुसूचित जातींत गणला जाणार, की आणखी कशात? आणि महाराष्ट्राच्या विमुक्तांच्या संख्येतून तो वजा होणार, ते वेगळेच. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत सुमारे ४६ लाख वेगवेगळी जातिनामे निघाली म्हणून ती आकडेवारी वापरण्याजोगी नाही, असे केंद्रानेच सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये सांगितले होते. लमाण, बंजारा, लंबाडा, लंबाणी, गोर ही एकाच समाजाची नावे आहेत हे न कळणाऱ्या, दुसऱ्या भाषेच्या प्रगणकासमोर, दिवसभर ऊस तोडून आलेला माणूस रात्री आठ वाजता काय सांगेल आणि काय लिहिले जाईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

हे टाळता येण्यासारखे आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच अधिसूचनेत आहे. देशासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची ती तारीख, ठरली. पण लडाख, हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरच्या बर्फाळ भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ केली, कारण फेब्रुवारीत तिथे प्रगणक पोहोचू शकत नाही. ते योग्यच आहे. तिथे बर्फामुळे प्रगणक माणसांपर्यंत पोहोचत नाही, आमच्याकडे उसामुळे माणसे प्रगणकापर्यंत पोहोचत नाहीत. आमच्यासाठी तारीख बदला असे मी म्हणत नाही. लष्करी वसाहती, रेल्वे वसाहती यांच्यासाठी जनगणनेत विशेष चार्ज, म्हणजे मोजणीचे वेगळे विभाग, नेमण्याची पद्धत जुनी आहे. तशीच प्रत्येक साखर कारखान्याच्या ऊसतोड क्षेत्रासाठी नेमणूक करावी, तिथले प्रगणक शक्यतो मराठवाड्यातून नेलेले असावेत, मोजणी अंधार पडल्यावर कोपीवर जाऊन व्हावी, आणि प्रत्येक कुटुंबापुढे त्याचे मूळ गाव, तालुका व जिल्हा लिहावा. जात व प्रवर्ग त्याच्या मूळ राज्याच्या यादीप्रमाणे नोंदवावा. पुढे आकडे प्रसिद्ध करताना हंगामी स्थलांतरितांचा तक्ता मूळ गावानुसार वेगळा द्यावा, म्हणजे निधी आणि इष्टांक ठरवणाऱ्यांना तो वापरता येईल.

या मोजणीसाठी मंत्रिमंडळाने ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि या वेळी सगळी माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे. घरयादीचा पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधला. त्या दिवसांत आमची माणसे घरी असतात, त्यामुळे घरात राहणाऱ्यांची संख्या पूर्ण लागणार आणि फेब्रुवारीत त्याच घराला कुलूप दिसणार. दोन टप्प्यांतली ही तफावत तुमच्या यंत्रणेला गावनिहाय एका क्षणात काढता येईल. ती चूक समजून दुरुस्त करायला न जाता, ती माणसे कोणत्या कारखान्यावर आहेत याचा शोध घेण्यासाठी वापरावी, अशी माझी विनंती आहे.

हा शोध अवघड नाही. माणूस कोठे गेला हे सरकारला माहीत नसले तरी उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, देणाऱ्याला पक्के माहीत असते. कारखान्याचा वाहतूकदाराशी करार, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे, नाव, गाव आणि दिलेली रक्कम. एका रुपयाची चूक त्या वहीत सापडायची नाही. सहकार मंत्री म्हणून आपण कारखान्यांकडून, आणि राज्य सरकारमार्फत खासगी कारखान्यांकडूनही, या याद्या मागवू शकता. मात्र त्या मजूर निघण्याआधी मागवाव्या लागतील. उचल पावसाळ्यातच वाटून होते आणि दसरा झाला की ट्रॅक्टर तांड्यावर येऊन उभे राहतात. भांडी, पांघरुणे, कोंबड्या आणि लेकरे एकाच ट्रॉलीत चढतात. त्यानंतर निघालेला आदेश कुलपालाच वाचून दाखवावा लागेल.

त्या आजी आता नाहीत. त्यांच्याजवळ राहिलेला नातू, ज्याचे नाव मी २०११ मध्ये लिहिले होते, तो आता बायकोसह बेळगावकडे कोयत्यावर जातो. घराची किल्ली तो आमच्याकडे ठेवून जातो.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
तालुका धारूर, जिल्हा बीड